एकदा केलेली चाल पुन्हा नाही

सर, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, तरी मागून कुणी शिट्टी वाजवली की माझे खांदे आकसतात. बाळकुमच्या कबड्डीच्या मैदानावर पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझ्याच ओढणीने माझा उजवा हात कमरेला बांधलात. "आता कर चढाई. आणि एकदा केलेली चाल आज पुन्हा दिसली तर सोलून काढीन." मी बारा वर्षांची. समोर सात पोरी. डाव्या हाताने, पायाने, खांद्याने, जमेल तसं टिपायचं आणि पळायचं. तोंडावर पडले की ओठात दात घुसायचा, रक्त आणि माती गिळत मी मधल्या रेषेपर्यंत सरपटायचे. हात मोकळा मिळाला तो चार महिन्यांनी. नंतर एकदा दमून मी तीच लाथ दुसऱ्यांदा मारली. तुमचा वेत मनगटावर बसला आणि हाड कट्कन वाजलं. आई मैदानावर धावत आली. "मास्तर, पोर खेळायला पाठवली, मार खायला नाय!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "मारल्याशिवाय अंगात येत नाही, ताई."

कल्याणच्या अंतिम सामन्यात ते सगळ्यांना पटलं. समोरच्या संघातली नावाजलेली पोर वर्षानुवर्षं एकच चाल खेळत आलेली. आमच्या पोरींनी तिचा घोटा दोनदा धरला, आणि तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. शेवटची चढाई माझी. कुणाचं तरी कोपर नाकावर बसलेलं, रक्त गळ्यापर्यंत आलेलं, आणि मी कधीच न केलेलं काहीतरी करते: पाठ फिरवते, उलटी दोघींच्या फटीत घुसते, पायाने टिपते, सुटते. लोक म्हणाले, सरांच्या वेताची कमाल. मीही तेच सांगत आले.

आता मी डोंबिवलीत मुली शिकवते. हात बांधते, चालीचा नियमही तोच, वेत नाही. मुली रोज काहीतरी नवीन काढतात. पण परवा एकीने तीच चाल तिसऱ्यांदा केली आणि मी सगळ्यांसमोर तिच्या कानाखाली वाजवली. "जा, कर चढाई!" ती गेली. त्या संध्याकाळी तिने चढाई मोजली जावी एवढ्यापुरता निदानरेषेला पाय लावला आणि परत आली. दर वेळी तेवढंच. कान लाल, नजर माझ्या हातावर.

तेव्हा आठवलं, प्लास्टर निघाल्यावर कित्येक आठवडे मीही तेवढंच करत होते. नवीन चाली सुचल्या होत्या त्या आधीच्या चार महिन्यांत, तुम्ही कामाला बाहेर गेलात की, हात बांधलेलाच असताना. नियमाने शिकवलं, सर. वेताने नाही. ते हाड उगाच मोडलंत तुम्ही.

हे सगळं त्या मुलीला सांगायला हवं होतं. काल ती आली, मी फक्त "पाणी पिऊन घे" म्हणाले. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं, तुम्ही वर बघून काही विचारणार नाही.