पान तेहेतीस

ता. १४, मंगळवार

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायला घेतलं आणि हात थांबला. तुझी वहिनी मात्र खरंच बरी आहे, गुडघा सोडून. धाकटीचा दात पडल्याचं कळलं. तिला म्हणावं, मामाचेही हलायला लागलेत.

ऑफिसचं विचारू नकोस. परदेशी सिनेमावाल्यांनी आपल्याकडे येऊन शूटिंग करावं म्हणून सरकारने आमचा विभाग काढला, ते तुला माहीत आहेच. खर्चात सूट आणि सगळ्या परवानग्या एकाच टेबलावर. ते टेबल माझं. तीन वर्षांत एक जाहिरातवाला आला, तोही उन्हाला कंटाळून दुसऱ्या दिवशी पळाला. मग वरून हुकूम आला की चाळीस जागांचा देखणा अल्बम काढा. फोटो काढायचे मी, माहिती लिहायची मी. साहेबांचं एकच पालुपद, "जागा अशी दाखवा की कुठल्याही देशातली म्हणून खपली पाहिजे."

बाबा फोनवर का येत नाहीत, असं तू तीनदा विचारलंस. मी सर्दी म्हणालो. सर्दी महिनाभर टिकत नाही हे तुलाही कळतं. तोंडाने सांगणं मला जमणार नाही, म्हणून हे पत्र.

चाळीसातली एक जागा कमी पडत होती. बाबांचं बाइंडिंगचं दुकान सुचलं. ऑफिससाठी फोटो हवाय असं त्यांना आधी सांगून ठेवलं आणि सुट्टीच्या दिवशी किल्ली मागून घेतली. जाऊन बघतो तर त्यांनी आदल्या दिवशी सगळं झाडून, सुतळ्या गुंडाळून ठेवलेल्या. फोटो छान आला. तो पान तेहेतीसवर घेतला आणि खाली मी लिहिलं, 'जुनी बाइंडिंग कार्यशाळा, बंद पडलेली.' चालू लिहिलं की भरपाई, शेजाऱ्यांच्या सह्या, दहा भानगडी. बंद लिहिलं की एका सहीत काम मोकळं. कंटाळलो होतो गं. चाळीसचा आकडा भरला आणि मी चहा प्यायला गेलो.

पुढचं ऐकून तू कपाळाला हात लावशील. छापलेले कागद आले तेव्हा बाइंडिंगचं काम मीच बाबांना मिळवून दिलं. बारा प्रती, कापडी पुठ्ठा, हाताची शिवण. वाटलं, खूश होतील. ते पान आत आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आणि शिवण्याआधी ते प्रत्येक घडी उघडून पानं तपासतात, तुला ठाऊकच आहे. म्हणजे बारा वेळा वाचलं असणार.

ठरल्या दिवशी आणायला गेलो. बारा प्रती कागदात बांधून तयार होत्या, एका टाक्याला नाव ठेवायला जागा नाही. गठ्ठ्यावर दुकानाची किल्ली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"बंद पडलंय ना ते? पाहुणे आले की तुलाच उघडून दाखवावं लागेल."

मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसलोसुद्धा. ते हसले नाहीत. दिवा मालवला, चष्मा खिशात घातला आणि माझ्यापुढे चालत घरी आले.

तेव्हापासून रोज सकाळी दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि खुर्चीत बसून राहतात. तुझी वहिनी म्हणाली, "जरा दुकानात तरी जाऊन या." तर म्हणाले, "कुठलं दुकान?" माझ्याशी बोलणं जेवणापुरतं, मीठ दे, पाणी दे.

परदेशी सिनेमावाले पाहुणे येऊन गेले. त्यांच्यातल्या बाईंनी अल्बम उघडायच्या आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, हे कोणी बांधलं? साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या वडिलांनी, एवढंच म्हणायचं होतं. पण मग पान तेहेतीसचं काय सांगणार? म्हणालो, "बाहेरून करून घेतलं." शेवटी ते दुसऱ्या देशात गेले, तिकडे सूट जास्त मिळाली. बंद झालं ते फक्त बाबांचं दुकान. मला फार लाज वाटते, चिमे.

काल ऑफिसात माझ्या प्रतीतलं ते पान ओढून काढलं. फाडून टाकणार होतो. तर अल्बमचं शेवटचं पानही सुटून हातात आलं. बाबांनी लहानपणी दाखवलं होतं, मी विसरलो होतो. घडीचा कागद एकच असतो, अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे, मधे शिवण. त्या शेवटच्या पानावर 'माहिती संकलन' असं छापलंय आणि खाली माझं नाव आहे.

दोन्ही पानं, अल्बम आणि किल्ली पिशवीत घातली आहेत. आज घरी गेलो की त्यांच्यापुढे ठेवणार आणि म्हणणार, बाबा, हे माझ्याच्याने दुरुस्त होत नाही. हातात घेतील की नाही, कोण जाणे.

रविवारी फोन कर. दुकान उघडलं का, ते मला विचारू नकोस, मी पुन्हा काहीतरी बरंसं सांगून मोकळा होईन. फोन त्यांनाच द्यायला सांग, आणि ते येईपर्यंत ठेवू नकोस.

या खेपेला खरी माहिती देणारा,
तुझा दादा