शमिकाचा कल

नेहरू नगर, भोपाळ
२ जुलै

चि. प्रतीक यास काशिनाथचे आशीर्वाद.

इकडे आम्ही तिघे ठीक आहोत. तुझ्या ताईचा गुडघा अजून धरतो, पण परवा ती माझ्याबरोबर मारुतीच्या देवळापर्यंत चालत आली. विमलला सांग, तिने पाठवलेला मसाला पोचला, चांगला आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. "भाऊजी, जरा समजून घ्या" म्हणतोस आणि शिकवायला लागतोस. कागदाला तसं मध्येच तोडता येत नाही.

आमच्या लेकीने काय शिकावं याचा तू पाठवलेला अहवाल मी अखेर वाचला. माणसांचे सहा प्रकार असतात, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. गोविंदपुऱ्यात आमच्या एका शेडमध्येच दहा-बारा निघतील, आणि त्यातला एकटा सुभाष सकाळी एक असतो, जेवणानंतर दुसरा. तुझ्या तक्त्याप्रमाणे मी 'स्थैर्य टिकवण्याच्या टप्प्यात' आहे. हे आमच्या मालकांना कळवायला हवं होतं. त्यांनी युनिट विकायला काढलंय. शेवटी 'योगायोगाचं नियोजन' म्हणून एक प्रकरण आहे. ते मी दोनदा वाचलं. उद्या काय होईल ठाऊक नाही, तेव्हा सावध आणि मोकळं राहावं, एवढंच त्यात आहे. मी ते रोज देवापुढे उभा राहून दोन ओळींत उरकतो.

तरी मी गप्प होतो. शमिकाला ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवण्याचा कोर्स करायचा होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण तू लिहिलंस, "कल विचारताच विद्यार्थिनीने क्षणाचाही विलंब न लावता मंडीदीप या औद्योगिक वसाहतीचे नाव घेतले. उत्पादन अभियांत्रिकी योग्य." तुझी ताई हे वाक्य शेजारणींना वाचून दाखवते. त्याच्या जोरावर तिने इंजिनिअरिंगची जागा घ्यायला लावली. शमिका काही बोलली नाही. तेव्हापासून ती घरात फारसं काहीच बोलत नाही.

रविवारी मी तिला सहज विचारलं, "अगं, मामाला तू मंडीदीप कशाला सांगितलंस?"

"त्याने पूछा ना बाबा, तुझा कल कुठे आहे. दुसऱ्या दिवशी गौरीच्या आत्याकडे पूजा नव्हती का, मंडीदीपला?"

"कल म्हणजे ओढा गं. आवड."

"मग आवड म्हणायचं ना! कल तो कल होता है, बाबा."

प्रतीक, इथे वाढलेल्या पोरीला कल म्हणजे उद्या. तू व्हिडिओ कॉलवर तिला उद्याचं विचारलंस, तिने खरं ते सांगितलं, आणि त्यावर तू जाडजूड अहवाल रचलास. "मंडीदीपच का गं?" एवढं एकदा विचारलं असतंस! पण मग उत्तर ऐकावं लागलं असतं. शमिका शिकून तयार झाली की पहिला नंबर तुझा लावू.

मी तिला म्हटलं, तेव्हाच का नाही बोललीस? म्हणाली, "मला वाटलं, टेस्टमध्ये माझ्यातलं काहीतरी निघालं असेल, जे मलाच माहीत नाही."

हे तिचं वाक्य तू तुझ्या पुढच्या व्याख्यानात घे.

आमच्या खालच्या मजल्यावर तन्वी नावाची चार वर्षांची मुलगी आहे, जन्मापासून ऐकू येत नाही. शमिका तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवून "पाणी" म्हणते, मग तोच हात तन्वीच्या गळ्यावर ठेवते. गेल्या महिन्यात पोरगी "पाई" म्हणाली. तिची आई जिन्यात बसून रडली. हे तुझ्या कुठल्या खान्यात बसतं ते मला कळवू नकोस.

त्या कोर्सची जागा पंधरा तारखेपर्यंत आहे. मी तुझ्या ताईला कल आणि उद्याचा सगळा घोटाळा सांगितला. ती म्हणाली, "तुम्हाला काय कळतं त्यातलं? प्रतीक म्हणाला तर बघू." इतका संसार झाल्यावर हे ऐकलं आणि देवळात जाऊन बसलो. परत येऊन हे लिहायला घेतलं.

तेव्हा ताईला फोन कर. चुकलो म्हण. तेवढं तोंडातून निघत नसेल, तर म्हण की भाऊजींनीच मला भलतं सांगितलं होतं. मी नाही म्हणणार नाही. तिच्या लेखी माझं त्यात नवीन काही जाणार नाही.

तुझ्या शास्त्राबद्दल माझं मत आहे तेच आहे. देवाखेरीज कुणापुढे हात जोडायची मला सवयही नाही.

शमिकासाठी तुझ्यापुढे हात जोडून,
काशिनाथ