घागरीतलं पाणी

१३ एप्रिल, रविवार. हिंगणी

आलो बापा एकदाचे! टेम्पोवाल्याने सेलूपासून इथपर्यंत प्रत्येक गतिरोधकावर माझ्या काळजाचं पाणी केलं. सामानात नाजूक गोष्टी दोनच, माझा कॅमेरा आणि मयुरीची लोणच्याची बरणी. कॅमेरा तिच्या मांडीवर होता आणि बरणी माझ्या. ज्याची वस्तू त्याच्याकडे दिली की तो निष्काळजी होतो, असं बाईसाहेबांचं म्हणणं. आठ महिन्यांपूर्वी लग्न झालं तेव्हापासून माझं काहीच माझ्याकडे नाही. तक्रार नाही म्हणा. बरं वाटतं.

बँकेने नागपूरहून बदली केली तेव्हा मी आठवडाभर तोंड पाडून होतो. मयुरी मात्र खूश. तिचं काम लॅपटॉपवर, ते कुठूनही होतं, आणि तिला अंगण हवं होतं. ते इथे आहे. अंगणात कडुनिंब आहे, मागे ओसरी आहे. घर नवीन, स्लॅबचं. अर्ध्यात घरमालकीण वच्छलाकाकू एकट्या, अर्ध्यात आम्ही, ओसरी दोघांची. काकूंनी आल्याआल्या विचारलं, किती पोळ्या खाता. मी चार म्हटलं तर म्हणे, एवढ्यानं काय होते, लाजू नोको बापू.

२० एप्रिल, रविवार

आज काकूंना कॅमेरा दाखवला. वर्ध्याच्या मोतीलालने स्टुडिओ बंद केला तेव्हा त्याच्याकडून घेतलेला हा डबडा, एकावर एक दोन भिंगांचा. यात समोर बघायचं नसतं. कॅमेरा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. त्यात सगळं उलटं दिसतं, डावीकडचं उजवीकडे. काकूंनी डोकावलं आणि पदर सारखा करून म्हणाल्या, हे तं देवाले पाया पडल्यासारखं हाये.

एका रोलमध्ये बाराच फोटो येतात म्हटल्यावर मात्र त्यांना माझी कीव आली. भाच्याच्या मोबाईलमध्ये म्हणे हजार मावतात. आता काय सांगू? बाराच असतात म्हणून तर माणूस नीट बघतो. मयुरी म्हणते हे वाक्य मी लोकांना चहासारखं पाजतो. तिचा राग वेगळा आहे, माझे रोल फ्रीजमध्ये तिच्या कोथिंबिरीच्या डब्यात असतात.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

काकूंकडे आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जोरात. सकाळीच नवीकोरी मातीची घागर ओसरीच्या कोपऱ्यात गव्हावर बसवली, पाण्याने भरली, वर आंबा ठेवला. पत्रावळीवर पुरणपोळी आणि आमरस. हे सगळं अण्णाजींसाठी, म्हणजे काकूंच्या यजमानांसाठी. ते चार वर्षांपूर्वी गेले. मला बजावलं, हे अण्णाजीच्या नावाचं पाणी हाये, कोनं हात नाई लावाचा. ज्याच्या नावानं पडते त्यालेच पोचते. मी मान डोलावली. आजोबा होते तोवर आमच्याकडेही घागर भरायचे. मग आम्ही फ्लॅटमध्ये गेलो आणि पितरांना बहुतेक पत्ता सापडला नाही.

संध्याकाळी बँकेतून आलो तर कडुनिंबातून असा उजेड उतरला होता की बूटही काढले नाहीत. मयुरीला हिरवी साडी नेसायला लावली, खुर्चीवर बसवलं आणि अख्खा रोल तिच्यावर उडवला. ती सारखी बोलत होती. फोटोत डोळे मिटायची तिला खोडच आहे, लग्नाच्या अल्बममध्ये अर्ध्या फोटोंत ती झोपलेली आहे. म्हणून आज पैज लावली. एका जरी फोटोत डोळे मिटलेले निघाले तर महिनाभर सकाळचा चहा मी करणार. पण मी काचेत बघूनच बटण दाबत होतो. बाराही वेळा डोळे उघडे होते, टपोरे, हसरे. इथे लिहून ठेवतो म्हणजे नंतर भांडण नको.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिन, बँक बंद. रोल धुतला.

रोल उजेडात उघडता येत नाही, म्हणून गोधडीखाली शिरून तो टाकीत, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या छोट्या डब्यात, भरला. मे महिन्यात गोधडी पांघरणारा अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच असेन. खरी अडचण पुढे आली. फिल्म धुवायच्या औषधाला थंड पाणी लागतं, वीस अंशाचं. त्याहून गरम झालं की फिल्म बिघडते. सकाळपासून लाईन गेलेली, फ्रीजमधला बर्फ वितळलेला, आमचा माठ कोरडा, आणि नळाला चहा करता येईल असं पाणी. उद्यापर्यंत थांबायला हवं होतं. पण मला धीर कुठला? पैज जिंकायची होती.

ओसरीत घागर होती. काकू झोपल्या होत्या. बोट बुडवून पाहिलं तर बर्फासारखं गार. म्हटलं, अण्णाजींना दोन तांब्यांनी काय फरक पडतो? ते जेवून कधीच परत गेले असतील. घेतलं. औषध त्यातच कालवलं, शेवटी फिल्म खळबळली तीही त्यातच. अर्धी घागर संपली. थर्मामीटर बरोबर वीसवर होता, मला फार शहाणं वाटलं.

फिल्म दोरीवर वाळत घातली आहे. पाण्यात होती ती बोटं बधिर झालीत. औषधामुळे असेल.

२ मे, शुक्रवार

पैज हरलो.

लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यावर फिल्म धरून मोबाईलने काळ्याचं पांढरं करून पाहिली. बाराही फोटोंत मयुरीचे डोळे मिटलेले. एकात ती बोलते आहे, ओठ उघडे आहेत आणि डोळे मिटलेले. पापणी लवते तेव्हा चेहरा कसा वेडावाकडा होतो, हे तसं नाही. कुणीतरी हाताने मिटवावेत तसे मिटले आहेत.

ती पोट धरून हसली. चहा आण म्हणाली. मी आणला. तिने घेतलाच नाही. तहान नाही म्हणाली.

५ मे, सोमवार

मयुरीचा हात तव्यावर पडला. ती पोळी उलटत माझ्याशी बोलत होती आणि तळवा तव्यावर तसाच टेकलेला. वास आला तेव्हा मी ओढला. तिने हाताकडे बघितलं, जणू काकूंचा हात असावा. दुखत नाही म्हणाली. खरंच दुखत नव्हतं.

चार दिवसांत तिने पाणी प्यायलेलं मला आठवत नाही. बाहेर पंचेचाळीस अंश आहे आणि तिला घाम नाही. भांडण काढलं मी, मुद्दाम, माझ्यावर ओरड तरी म्हणून. ती म्हणाली, बरं.

माझी बोटं अजून बधिरच आहेत.

७ मे, बुधवार

वर्ध्याला डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांना नाडी सापडायला वेळ लागला. अशक्तपणा म्हणाले, ताकदीच्या गोळ्या दिल्या. परत येताना बसमध्ये मयुरीच्या सीटवर एक बाई बसायला आली. म्हणजे मयुरी बसली होती त्याच सीटवर. मी ओरडलो तेव्हा ती दचकली, दिसली नाही म्हणाली.

मयुरीला राग आला नाही. मला भीती वाटायला हवी होती. हातपाय गार पडले, एवढंच.

९ मे, शुक्रवार

दुपारी मयुरी ओसरीच्या पायरीवर ताट घेऊन बसली होती. कावळा आला. तिच्या मांडीवर बसला आणि ताटातला भात खाऊ लागला. तिने हाकलला नाही. तोही घाबरला नाही. दशक्रियेला याच कावळ्याची लोक दोन दोन तास वाट बघतात.

काकूंनी दारातून पाहिलं. मला आत ओढलं आणि विचारलं, काय केलं तुनं? मला माहीत नव्हतं मी काय केलं. मग त्यांना फोटो दाखवले. त्यांनी बाराही बोटाने मोजून पाहिले. मग विचारलं, हे कोन्या पान्यानं धुतलं रे?

सांगितलं.

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणे, मेलेल्याच्या नावाचं पानी तू जित्या बायकोच्या तोंडावर सोडलं, पोट्ट्या. अण्णाजीले पोचलंच नाई. तिले पोचलं.

१० मे, शनिवार

घागर सोडून घरात जेवढं पाणी आहे तेवढ्याने ती फिल्म पुन्हा धुतली. डोळे मिटलेलेच. जाळायला निघालो तर काकूंनी हात धरला, जाळजो नोको, तिलेच अग्नी देशीन का?

ठेवून दिली.

११ मे, रविवार

दुसरा रोल. तीच खुर्ची, तेच झाड, पाण्यात बाजारचा बर्फ. ती समोर बसली होती. काचेत मला दिसत होती. मी नाव घेऊन हाका मारत फोटो काढले आणि ती प्रत्येक हाकेला हूं म्हणाली.

फिल्मवर झाड आहे. खुर्ची आहे. खुर्चीच्या पाठीच्या पट्ट्या मोजता येतात. कोणी बसलं असतं तर पट्ट्या दिसल्या नसत्या.

मी रडलो नाही. फिल्म पुसून नीट टांगली.

१३ मे, मंगळवार

काकूंनी आज सगळं सांगितलं. घागर एक, नाव एक. अण्णाजींचं नाव गेलं, मयुरीचं लागलं. उरलेलं पाणी दुसऱ्याच्या नावाने पडलं तर पहिलं नाव सुटतं. नुसतं ओतून चालत नाही, जसं पडलं तसंच पडायला हवं, फोटोवरूनच.

मग लुगडं बदलून आल्या आणि खुर्चीवर बसल्या. म्हणे, काढ माह्या फोटू. मले आता कोनाची वाट पाहाची हाये? अण्णाजी तहानलेले गेले यंदा, मीच जातो.

मी रोल भरला. मान खाली घातली. काचेत काकू, डोक्यावर पदर, हात मांडीत. केस विंचरून आल्या होत्या.

बोट बटणावर होतं. दया आली असंही नाही. नुसता हात झाला नाही.

त्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, रडून काऊन राह्यला? मी गालाला हात लावला. ओला होता. मला कळलंच नव्हतं.

१४ मे, बुधवार

सकाळी मयुरीला हाक मारली. ती खिडकीशी होती. हूं म्हणाली नाही.

नंतर खिडकीच दिसली. नंतर पुन्हा ती.

तोच रोल कॅमेऱ्यात आहे. खुर्चीसमोर स्टुलावर कॅमेरा ठेवला. खटका ओढला की थोड्या वेळाने आपोआप फोटो पडतो. ओढायचा, जाऊन बसायचं, डोळे उघडे ठेवायचे. बारा वेळा. तिला शेजारी उभं केलं नाही. ती चुकून आत यायला नको.

काकू स्वयंपाकघरात आहेत. त्यांना सांगितलं नाही.

त्याच दिवशी, दुपार

घागर तिरपी करून शेवटचं पाणी काढलं. टाकीपुरतं निघालं. अजून गारच.

हलवताना थोडं हातावर सांडलं. कोपरापर्यंत कळत नाही.

फिल्म बाहेर काढली. बाराही. मिटलेले.

मी उघडे ठेवले होते.

१५ मे

मयुरी ओरडली! स्वयंपाकघरातून, आई गं म्हणून, पोळलेला हात दुखतो म्हणून. रडते आहे, मोठ्याने. काकू पाणी देताहेत. तांब्यावर तांब्या पिते आहे, भांड्याचा आवाज येतो.

खूप आनंद व्हायला हवा. होईल.

पेन हातात आहे हे बघितलं की कळतं—

दुपार

वहीवर कावळा बसला आहे. लिहितो त्याच ओळीवर. हाकलत नाही.

ती काकूंना विचारते आहे, रजत कुठे गेला, चप्पल तर इथेच आहे. काकू ओसरीच्या कोपऱ्याकडे बघताहेत. काकूंनी घागर पाहिली वाटतं.

मी ओ दिली. दोनदा.

आता दारात आली. हाताला पट्टी, कपाळावर घाम. किती घाम. डोळे टपोरे, उघडे. माझ्याकडेच बघते आहे— माझ्या मागच्या भिंतीकडे. आत येते आहे. थकली आहे, बसायचं आहे तिला. खुर्ची ओढते आहे— मयुरी, मी बसलोय इथे, या खुर्चीवर मी—