ओळीला एक डबा

बाई, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी जून उजाडला की माझं तुमच्याशी बोलणं सुरू होतं. मी आता अहमदपूरला तिसरीच्या वर्गावर आहे आणि पहिल्या दिवशी तुमच्यासारखंच करते. पोरं दप्तरं घेऊन व्हरांड्यात बसतात. एकेकाला आत बोलवायचं. कपाटाचं दार उघडं, त्याच्या आड मी. पेन्सिली, खोडरबर, पट्ट्या, रंगखडू, ज्यानं जे आणलं ते डब्यांत टाकायचं. मग ओळीला एक डबा, सगळ्यांचा मिळून. कुणी काय आणलं ते दाराबाहेर कळत नाही. तुमचे डबे डालड्याचे होते, माझे प्लास्टिकचे, एवढाच फरक.

लातूरला तुमच्यापुढं मी अशीच येऊन उभी राहिले, तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं. आई डाळमिलमध्ये जायची, तिच्याकडं मागायची सोय नव्हती. मी मुठी आवळून उभी, आता विचारणार म्हणून घाबरलेली. तुम्ही सरळ डबा उचलून बाहेर ऐकू जाईल असा खुळखुळ वाजवलात आणि म्हणालात, "टाकलंस न्हवं? जा, बस जाग्यावर." मी ताठ मानेनं बाहेर गेले. वर्षभर त्या डब्यातल्या रंगखडूंनी चित्रं काढली, तीसुद्धा हक्कानं, भांडून लाल रंग घेऊन.

परवा एक बाप आला, दुकानदार माणूस. माझ्या लेकीची भारीतली रंगपेटी बाकीच्यांनी का वापरायची, उद्या ज्याचं त्याला परत करा, म्हणून हटून बसला. माझं डोकं तापलं. तसं केलं असतं तर यंदाच्या एका पोरीपुढं काहीच उरलं नसतं, आणि अख्ख्या वर्गानं ते पाहिलं असतं. फटकन बोलणार होते, पण तुम्ही आठवलात. म्हटलं, "भाऊ, एकदा डब्यात पडलं की कुणाचं काय ते मलाबी वळखू येत न्हाई." साफ खोटं. तो कुरकुरत निघून गेला, डबे जागच्या जागी राहिले.

तुमच्या वर्गात निम्मी पोरं माझ्यासारखीच रिकाम्या हातानं आली असणार, असं मी आजवर धरून चालले होते. म्हणून कधी कमीपणा वाटलाच नाही. यंदा माझ्या वर्गात तशी एकच निघाली, आणि मी लातूरचा आपला वर्ग आठवून बघितला. आपली शाळा मोंढ्यातली, भर धान्यबाजारातली, सगळी आडत्यांची, दुकानदारांची लेकरं. मग तेव्हा मी एकटीच होते का, बाई? एवढा सगळा खटाटोप माझ्या एकटीसाठी?

हे पत्र टाकायला आता पत्ता नाही. पण खरं सांगते, तुम्ही असता तरी टाकलं नसतं. तुम्ही लगेच म्हणाला असता, "येडी का काय, तुझ्यासारखे लई जण होते." आणि मी ते खुशाल खरं मानलं असतं.