लोधीपुऱ्यातलं भांडार आणि तुमची हिंदी

भाऊ, आज मी नासकं दही परत करायला गेले आणि परत न करताच घरी आले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आता एक मोठं दुकान झालं आहे, सुपरमार्केट म्हणतात त्याला. डाळीपासून झाडूपर्यंत सगळं एका छताखाली मिळतं. पण काउंटर चार आणि चालू एकच. फळीवर एक भाव, बिलात दुसरा. मशीन बंद पडलं की अख्खी रांग तशीच ताटकळते. आज एक बाई तिथल्या मॅनेजरला सगळ्यांदेखत बोलत होती. पन्नाशीचा माणूस, हात मागे बांधून, मान खाली घालून ऐकत होता आणि मधूनच म्हणत होता, ऊपर लिखके भेजा है, मॅडम. बाईचं एकही वाक्य खोटं नव्हतं. माझ्याही पिशवीत तारीख उलटलेला दह्याचा डबा होता आणि माझा नंबर लागतच आला होता. मी रांगेतून बाहेर पडले. सुनेने विचारलं, बदलून नाही दिलं का? मी म्हटलं, गर्दी होती. मग खोलीत येऊन बसले आणि तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्ही गेलात तेव्हा मी विशीतली होते. आता तुमच्यापेक्षा पुष्कळ म्हातारी झाले आहे.

आम्ही मुलं तुम्हाला वडील असून भाऊ म्हणायचो, कारण काका आणि आत्या तसं म्हणायचे. तुम्ही मराठी शाळेत मास्तर होतात. तुमचं सगळं शिक्षण रावेरकडचं, त्यामुळे बाजारात बोलण्यापुरती हिंदी तुम्हाला यायची, पण लिहायची वेळ कधी आली नव्हती. मग राज्यं नव्याने आखली गेली. नागपूर तिकडे गेलं, आपलं बुऱ्हाणपूर इकडे मध्य प्रदेशात राहिलं, आणि कचेरीचे कागद भोपाळहून हिंदीत यायला लागले. तुमच्या वर्गातली मुलं दर वर्षी कमी होत गेली. माझं नावसुद्धा तुम्हीच हिंदी शाळेत घातलंत. शेवटी तुमचा वर्गच उरला नाही. हिंदीची परीक्षा दिली असती तर दुसऱ्या शाळेत जागा मिळाली असती. तुम्ही आईला म्हणालात, या वयात मी मुलांच्या ओळीत बसून पेपर लिहू का? त्याच सुमारास लोधीपुऱ्यातल्या लोकांनी मिळून सहकारी भांडार काढलं. इतवाऱ्याच्या बाजारात धान्याचे भाव चढलेले, आणि भांडारात तेच धान्य, साखर, घासलेट, साबण स्वस्तात मिळणार होतं. चालवायला सचोटीचा माणूस हवा होता. मास्तर खोटं करणार नाही, असं सगळे म्हणाले आणि किल्ल्या तुमच्या हाती आल्या. त्या दिवशी तुम्ही धुतलेलं धोतर नेसून गेला होतात.

तुम्ही खोटं केलं नाहीत, भाऊ. पण भांडार तुम्हाला चालवता आलं नाही. हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे. एकेका बाईची साखर तुम्ही दोनदा तोलायचात, दोन दाणे जास्त पडले तर काढायचात, कमी पडले तर घालायचात, आणि बाहेर रांग पार विहिरीपर्यंत जायची. बारा वाजले की समोर कोणीही उभं असलं तरी दार लावून तुम्ही जेवायला यायचात, कारण दारावरच्या पाटीवर तशी वेळ लिहिलेली होती. चहाची पेटी तुम्ही घासलेटच्या पिंपाशेजारी ठेवलीत. दोन महिने अख्ख्या मोहल्ल्याच्या चहाला घासलेटचा वास येत होता, आपल्याही. घरातल्या माणसांनी भांडारातलंच घ्यायचं आणि रांगेत सगळ्यांच्या मागे उभं राहायचं, असा तुमचा दंडक होता. आई उभी राहायची. तिचा नंबर येईपर्यंत पुष्कळदा साखर संपलेली असायची. तेव्हा तुम्ही तिला परक्या बाईला सांगावं तसं सांगायचात, पुढच्या मंगळवारी या. ती मान हलवून रिकामी पिशवी घडी करायची.

मग ती जवाची पोती आली. खंडव्याच्या गोदामाकडे मागणी पाठवायचा छापील कागद हिंदीत होता. त्यात एका ओळीवर जौ, म्हणजे जव, लिहिलेलं होतं. आपल्याकडे ज्वारीला जोंधळा म्हणतात, तेव्हा हा जोंधळ्याचाच काहीतरी शब्द असणार असं तुम्हाला वाटलं आणि तुम्ही त्या ओळीवर बारा पोती मांडलीत. आखाजीच्या सणाच्या तोंडावर भांडारात ज्वारीचा दाणा नव्हता आणि जवाची बारा पोती भिंतीला लागून उभी होती. बायका आत यायच्या, पोत्यात हात घालून बघायच्या आणि तशाच बाहेर जायच्या. एक जण म्हणाली, मास्तर, हे आम्ही घोड्याले घालू का? सगळ्या हसल्या. तुम्हीही थोडं हसलात. संध्याकाळी त्यातला जव तुम्ही स्वतः विकत घेऊन घरी आणलात. चूक माझी आहे, म्हणालात, निदान एवढं तरी संपवू. जवाची भाकरी थापताना तुटते. आई तुकडे जोडून तव्यावर टाकायची. शाळेत मुली मला जौवाली म्हणायला लागल्या. ते मी घरी कधी सांगितलं नाही.

समोरच्या शिंपीणमावशींच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता. मावशी साखरेसाठी तीनदा रांगेत उभ्या राहून हात हलवत परत आल्या. चौथ्यांदा त्यांच्या पुढे एकच बाई उरली असताना तुमच्या लक्षात आलं की सकाळचा साठा पडताळायचा राहिला आहे, आणि तुम्ही दार लावून घेतलंत. मावशी स्वतःच्या घराच्या पायरीवर येऊन बसल्या आणि रडल्या. मी शाळेतून येत होते. पाच-सहा बायका त्यांच्याभोवती जमल्या होत्या. आपण कचेरीत अर्ज देऊ, असं त्यांचं ठरलं. पण अर्ज हिंदीत लागणार आणि लिहिता कोणालाच येत नव्हतं. मावशींनी मला हाक मारली. म्हणाल्या, "पोरी, तू हिंदी शाळेत जाते ना, तूच लिहून दे. आम्हाले कोणाचं वाईट नाही करायचं. तुझ्या बापाबद्दल काही नको लिहू, दुकानाबद्दल लिही."

मी चौदा वर्षांची होते. दप्तर मांडीवर घेऊन तिथेच पायरीवर बसले आणि त्या सांगत गेल्या तसं लिहीत गेले. दुकान रांग असतानाच बंद होतं, रांग हलत नाही, चहाला वास येतो, साखर मिळत नाही, ज्वारी नाही. त्या एवढंच बोलल्या. खाली जागा उरली होती. तिथे मी माझ्या मनाने एक ओळ लिहिली. भंडार के व्यवस्थापक को हिंदी पढ़ना-लिखना नहीं आता। कोणी सांगितली नव्हती, आणि वाचून दाखवताना मी ती गाळली. त्या ओळीखाली त्यांनी विश्वासाने अंगठे उठवले.

पंधरा-वीस दिवसांनी कचेरीतून साहेब आले. भांडारात खुर्ची टाकून बसले आणि रांगेतल्या सगळ्या बायकांसमोर त्यांनी अर्ज मोठ्याने वाचला. मी आईजवळ उभी होते. शेवटची ओळ आली तशा शिंपीणमावशी माझ्याकडे बघायला लागल्या. साहेबांनी विचारलं, हे खरं आहे का? तुम्ही कागद बघायला मागितला. हातात घेऊन जरा वेळ बघितलात. माझी बाराखडी तुम्ही घटवून घेतली होती, तुम्हाला अक्षर ओळखायला किती वेळ लागणार. तुम्ही मान वर केली नाहीत, माझ्याकडे बघितलं नाहीत. म्हणालात, "सही है साहब. मुझको नहीं आता." महिना संपायच्या आत किल्ल्या गेल्या. साहेब आले त्या दिवशी जेवायला बसल्यावर मला वाटलं, आता तुम्ही हात उचलाल. तुम्ही भाकरी मोडलीत आणि म्हणालात, "तुझा भ आता चांगला येतो. आधी गाठ सुटायची." आईला तेव्हा समजलं. तिने माझ्या ताटात आमटी वाढली आणि उठून गेली.

नवा माणूस आला आणि भांडार खरंच सुधारलं. रांग भराभर हलायला लागली, चहाची पेटी आतल्या खोलीत गेली, ज्वारी आली. मावशींच्या मुलीच्या लग्नात साखर कमी पडली नाही. आई रांगेत उभी राहून भरली पिशवी घेऊन यायची आणि तुम्ही घरात असलात तर ती पदराआड धरून आत न्यायची. तुम्ही निंबोल्याला एका केळीच्या बागायतदाराकडे हिशेब लिहायला जायला लागलात, सायकलवरून, कडक उन्हात. तिथे मराठी चालायची. आणि एका सकाळी तुम्ही माझ्यासमोर कोरी वही ठेवून म्हणालात, मला हिंदी शिकव. तुम्ही पाटासमोर मांडी घालून बसायचात, मी शाळेत जायच्या आधी अर्धा तास. मी फार अधीर असायचे. मे वर अनुस्वार का दिला नाही, म्हणून तुमच्यावर चिडायचे, तुम्ही माझ्यावर कधी चिडला नव्हतात तशी. तुम्ही चुकलेला शब्द दहा वेळा लिहायचात. मुलांना तुम्ही अशीच शिस्त लावली होती.

पुढे मी हिंदीचीच शिक्षिका झाले. तीस वर्षं याच गावात हिंदी शिकवली. निरोपसमारंभात लोकांनी म्हटलं, बाईंच्या घरातच विद्या होती. मी त्यांना काही सांगितलं नाही. तुम्ही जाऊन तेव्हाही बराच काळ झाला होता. शेवटच्या वर्षी तुम्ही तापाने अंथरुणाला खिळला होतात, तरी पोस्टमनची घंटा वाजली की उशीवरून डोकं उचलायचात. आई विचारायची, कोणाच्या कागदाची वाट बघता? तुम्ही म्हणायचात, कोणाच्या नाही. तिला खरंच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. ते सांगण्यासाठीच आज बसले आहे. हे पत्र माझ्या कपाटात साड्यांखाली राहील, कोणी वाचावं म्हणून लिहिलेलं नाही.

त्याच्या आधीच्या वर्षी, एका रविवारी दुपारी, तुम्ही मला स्वतः लिहिलेला अर्ज दाखवलात. कोणाची मदत न घेता हिंदीत लिहिला होता. नव्या माणसाची बदली होणार होती आणि भांडारात तुम्हाला परत घ्यावं अशी विनंती होती. शेवटी तुम्हाला म्हणायचं होतं, मला माझी शिक्षा मिळाली आहे, आता परत घ्या. तुम्ही लिहिलं होतं, मेरी शिक्षा पूरी हुई है, अब मुझे काम पर लिया जाए। आपल्याकडे शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. कचेरीतला माणूस वाचणार होता की माझं शिकून झालं आहे, आता कामावर घ्या. तुमची माफी त्याला दिसणारच नव्हती. तुम्ही चष्मा काढून माझ्या तोंडाकडे बघत होतात. विचारलंत, "जमलंय का?"

मला आठवतं, त्या वेळी माझ्या मनात भांडाराची रांग आली. त्या रांगेत मी आता मान वर करून उभी राहात होते, कोणी मला जौवाली म्हणत नव्हतं. तुम्ही परत तिथे बसावं असं मला नको होतं.

मी म्हटलं, जमलंय. तुम्ही कागदाची घडी केलीत, पायात चपला घातल्यात आणि उन्हातच तो पोस्टाच्या पेटीत टाकायला निघालात. ती चूक मला दिसली होती, भाऊ.