पहिल्या कुस्तीत आपलं नाव कसं आलं त्याबद्दल

नेसरी, शुक्रवार

आदरणीय व्याही अमरसिंहदादा यांस,

नेसरीहून पिराजीचा रामराम. आपली तब्येत, विहीणबाईंचा गुडघा आणि नवी म्हैस, सगळं ठीक असेल. अनुजा आणि आपली नात इकडे यात्रेला येऊन सुखरूप आहेत. आपण माझा फोन उचलत नाही, म्हणून गारगोटीला निघालेल्या माणसाच्या हाती हे पत्र देतो आहे.

दादा, कुस्तीच्या हँडबिलावरून आपण रागावलात. रागवा, पण त्या कॉम्प्युटरवर रागवा! बावीस वर्षं यात्रा कमिटीचं हँडबिल मी हातानं लिहून छापखान्यात दिलं, एक अक्षर जागचं हललं नाही. यंदा कमिटीला कॉम्प्युटरचं खूळ लागलं. मी दोन कॉलम केले. डावीकडे पैलवान, उजवीकडे त्याच्याशी लढणारा. डाव्या कॉलमच्या तळाला 'प्रमुख पाहुणे' आणि त्याखाली आपलं नाव, सगळ्यात मोठं, ठळक (आपला मान मी विसरेन होय?). सगळं ओळीत बसलं आणि कागलच्या तालमीतून आणखी एका पैलवानाचं नाव आलं. ते डावीकडे घातलं. एकच ओळ हो! त्या हलकटानं तळाचं आपलं नाव उचललं आणि उजव्या कॉलमच्या डोक्यावर, पहिल्या कुस्तीत नेऊन ठेवलं. 'प्रमुख पाहुणे' खाली मोकळेच. उजवीकडचा जो तो एक घर खाली सरकला आणि नव्वद किलोच्या गड्यासमोर सातवीतलं पोर उभं राहिलं. मी एंटर मारला, तर आणखी चौघं डावीकडून उजवीकडे निघाले. स्पेस मारली, तर आपलं अर्धं नाव खालच्या ओळीत गेलं. माणसाला सरक म्हटलं तर तो निदान 'का?' तरी विचारतो. तासभर झटून एकेकाला जागेवर बसवलं, फाईल पाठवली, आणि छापखान्याच्या मशीनवर उघडताच सगळे पुन्हा आपापल्या मनानं बसले!

पाचशे प्रती वाटून झाल्यावर अनुजा म्हणते, "आप्पा, टेबल करायचं की! एका ओळीत दोघंबी राहत्यात. एंटर कशाला मारत बसलासा?" (हे आधी सांगायला तिचं तोंड कुणी धरलं होतं?)

पण दादा, तिला फोनवर आपण म्हणालात, "एकवीस किलोच्या पोरासंगट मला लावला व्हय? आता तुला न्यायलाबी येत न्हाय." हे मला लागलं. आपला मान माझ्या हातून गेला याचं फार वाईट वाटतं, पण कॉलमच्या भांडणात लेकीला ओढू नका. दोन दिवस ती नीट जेवलेली नाही.

थोरांना नमस्कार, म्हशीला एक थाप.

आपला,
पिराजी

ता. क. : कच्ची प्रत छापखान्यातून आली होती. मी चष्म्याशिवायच 'छापा' म्हणालो. हे कमिटीला सांगू नका.

आणखी ता. क. : वजन वाचून आपण हँडबिल फेकलंत, समोरचं नाव वाचलंच नाही वाटतं. ते एकवीस किलोचं पोर म्हणजे आपली नात स्नेहल. कमिटीनं तिला दुसरी जोड दिली, तर म्हणते, "मी आज्जासंगटच खेळणार. छापलंय की!" पहाटे उठून जोर मारते आहे. आपली पाठ उभ्या आयुष्यात मातीला लागलेली नाही, हे सगळा तालुका जाणतो. रविवारच्या मैदानात एकदा लावा.