तिच्या बाळाची भिंत

८ नोव्हेंबर

घेतलं काम! आता कोणी काही म्हणो.

सकाळी फोन आला. बाईचा आवाज, गोड, जरा घाईतला. "तुम्ही लहान मुलांच्या खोल्या रंगवता ना? भिंतीवर चित्रं वगैरे? एका दवाखान्यात तुमचं काम पाहिलं." म्हटलं, रंगवते, पत्ता पाठवा. पत्ता आला. खाली तिचं नाव, आडनाव. वाचलं आणि हातातला ब्रश डब्यात पडला. ते आडनाव घटस्फोट होईपर्यंत मी लावत होते!

महाशयांची दुसरी बायको. पोटुशी. आणि बाईंना पत्ताच नाही की आपण पहिलीलाच बोलावतोय! मी आता माहेरचं नाव लावते ना.

नाही म्हणणार होते. अगदी ओठांवर आलं होतं. मग वाटलं, का म्हणून? बघू तरी कसला महाल बांधलाय. उट्टं काढायची संधी अशी स्वतःच्या पायांनी चालत येत नाही.

आईला एवढंच सांगितलं, चांगलं काम मिळालं. आई म्हणाली, "मग तोंड का असं, एरंडेल प्यायल्यासारखं?"

१० नोव्हेंबर

खोली बघून आले.

ती दिसायला बरी आहे. बरीच. माझ्यापेक्षा बरीच लहान. सातवा महिना. घरभर त्याचीच एक जुनी चप्पल घालून फटक-फटक फिरते. बूट रॅकमध्ये होते, टाचा बाहेरच्या बाजूने झिजलेल्या. आधी तेच ओळखले. माणूस बदलला म्हणतात, पण टाचा कुठे बदलतात!

तो आठवडाभर बाहेरगावी असतो, शुक्रवारी संध्याकाळी येतो. बरंच झालं. सोमवार ते गुरुवार काम करीन म्हटलं.

खोली चांगली आहे, हे लिहिताना जीव जातोय. पूर्वेला खिडकी, उजेड भरपूर. एका कोपऱ्यात ओल. पाळण्याचं खोकं भिंतीला टेकवून ठेवलेलं, अजून न जोडलेलं. तिने स्वतः कापडाचे मासे शिवलेत, पाळण्यावर टांगायला. एकाचेही डोळे सारखे नाहीत. "हा चकणा माझा लाडका," म्हणाली. मी हसले नाही.

"यांना मुलांची फार हौस. पहिलीला नको होतं म्हणे. तिला म्हणे तिचे रंग नि ब्रश पुरे होते." असं म्हणून माझ्याकडे बघत राहिली.

चोराच्या उलट्या बोंबा! मला नको होतं! दोघं तपासून घेऊ या म्हणून पाया पडायची बाकी राहिले होते. आणि शेवटी त्या दिवशी चल म्हटलं तेव्हा काय झालं...

जाऊ दे. उद्यापासून भिंतीच्या भेगांत लांबी भरायची.

११ नोव्हेंबर

ओल खरवडली, भेगा भरल्या. दिवसभर धूळ. तिला दहादा सांगितलं, बाहेर बसा. ती दारात पाट टाकून, ओढणी नाकाला लावून बसते आणि बोलत राहते. माणसाने किती बोलावं!

म्हणाली, हत्ती-जिराफ नकोत. ते सगळ्यांच्याच घरी असतात. तिच्या लहानपणीच्या गल्लीतली जनावरं हवीत: तीन पायांचा कुत्रा, न्हाव्याच्या खुर्चीत झोपणारं लठ्ठ मांजर, शेजारच्यांचा मिजासखोर कोंबडा, आणि एक गाढव, जे दर दुपारी शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं. "मास्तरांना न्यायला यायचं," म्हणाली.

कल्पना चांगली आहे. मेली!

१५ नोव्हेंबर

रंगावरून जुंपली. तिला भिंत पिवळी हवी, हळदीसारखी भडक. मी म्हटलं, बाळाचे डोळे दिपतील. ती म्हणाली, "दिपू देत की! जन्मल्या जन्मल्या काय फिक्कं बघायचं?" मी म्हटलं, काम माझं आहे. ती म्हणाली, बाळ माझं आहे.

मी पॉलिशपेपर इतका जोरात घासला की बोटं सोलली.

पिवळाच लावतेय. तिच्या मनासारखं होऊ दे सगळं. घर तिचं, नवरा तिचा, भिंतही तिची.

१७ नोव्हेंबर

कुत्रा आणि गाढव झाले. गाढव झकास जमलंय. मला कधी नव्हे ते जनावरांचे पाय बरोबर आले, तेही कुणाच्या घरी!

तिने खिडकीचे पडदे तिच्या जुन्या फुलाफुलांच्या झग्यातून कापलेत. कडा वाकड्या. "तुम्ही जरा बघता का?" म्हणाली. मी शिवणकाम करत नाही, सांगितलं. करते. चांगलं करते. तिच्यासाठी करत नाही.

१८ नोव्हेंबर

दुपारी ती डुलकी काढायला गेली. मी कोंबड्याशेजारी एक डबकं काढलं आणि डबक्याकाठी बेडूक.

हात थांबेचना! आधी भुवया, डावी मधेच तुटलेली. मग तो ओठांचा एक कोपरा, दुसऱ्याची चूक सापडली की वर जायचा तो. मग हनुवटीखालची पिशवी. हिरवेगार महाशय, ओले, पोट फुगवून बसलेले! असं बरं वाटलं! असं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. वाढू दे त्याच्या लेकराला रोज सकाळी बापाचं खरं रूप बघत.

घरी येऊन जेवले पोटभर. आईला संशय आलाय.

२२ नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

गेले तर पाळणा जोडलेला. त्याने शनिवारी जोडला म्हणे. एका खांबाची मोठी खपली निघालेली. बेडूक होता तसाच. "बेडकाच्या तोंडाला कागद चिकटवला होता मी," ती म्हणाली. "यांना सांगितलं, रंग ओला आहे."

मग बेडकासमोर उभी राहिली आणि हसायलाच लागली. पोट धरून, भिंतीला हात लावून. "अगं बाई! हे तर 'हे'च आहेत!"

ती डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही कुठे पाहिलंत यांना?"

"हॉलमधल्या फोटोत."

"हॉलमध्ये फोटो नाहीये, ताई."

ब्रश हातात तसाच. पिवळा रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. ती पाटावर बसली, सावकाश, एक हात जमिनीवर टेकवून.

"दवाखाना-बिवाखाना काही नाही. तुम्हाला शोधून काढलं. पहिल्या दिवसापासून मला माहीत आहे तुम्ही कोण. मुद्दाम बोलत होते, तुम्ही चिडून तरी बोलाल म्हणून. एकच विचारायचंय. दहादा धीर केला, दहादा गिळलं."

मी म्हटलं, विचार. एकदम अगं-तुगंवर आले.

"परवा पाळणा जोडताना एक स्क्रू बसेना. मी म्हटलं, उलटा लावताय बहुतेक. त्यांनी हातातला हातोडा फेकला. माझ्या कानाजवळून गेला आणि त्या खांबाला लागला. मग स्वतःच हसले. म्हणाले, घाबरलीस काय, तुला थोडाच मारला!" मान खाली घालून तिने विचारलं, "ताई, ते तुमच्यावर हात उचलायचे का?"

खोलीत सगळं माझ्याकडे बघतंय असं वाटलं. गाढवसुद्धा.

मी म्हटलं, "नाही. कधीच नाही."

तिने श्वास सोडला. "हो ना? मला वाटलंच. उगीच आपलं मन चिंती ते वैरी न चिंती." उठली, चहा टाकला. मी तो प्यायले!

२३ नोव्हेंबर

गेले नाही. अंग दुखतंय असं कळवलं.

का म्हटलं मी नाही? लाज? असेल. पण सगळी लाज नाही. त्यात एक घाणेरडा आनंद होता, तो मला माहीत आहे. माझ्या वेळी मला कोणी सांगितलं होतं का? मग हिला का सांगू? हिने माझ्या जागी बसायचं, माझ्याबद्दल ऐकलेलं माझ्याच तोंडावर फेकायचं, आणि वर मी हिला वाचवायचं? भोग की आता!

हे मी लिहिलंय. माझ्याच अक्षरात आहे.

२४ नोव्हेंबर

आज आईला सगळं सांगितलं. कोणाकडे काम चाललंय, तिने काय विचारलं, मी काय उत्तर दिलं.

आई लसूण सोलत होती. म्हणाली, "बरं केलंस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तेव्हाही हेच म्हणाली होती! मी सुजलेलं तोंड घेऊन या दारात आले होते तेव्हा. मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा आईवर असं ओरडले. "मूठ माझी झाकली होतीस, आई! त्याची उघडीच होती!"

आई सोललेल्याच पाकळ्या सोलत राहिली. मग म्हणाली, "जा मग. सांग तिला."

२६ नोव्हेंबर

काल जायला हवं होतं. तो घरी नव्हता. नाही गेले. आज दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आले. शूर बाई!

२७ नोव्हेंबर

गेले. दार त्याने उघडलं.

केस पातळ झालेत. तोच आफ्टरशेव्ह. मी मनाशी दहा वाक्यं रचून ठेवली होती, एकही जागेवर नव्हतं. त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि घरात हाक मारली, "अगं, तुझ्या पेंटरबाई आल्यात!" आणि मला, अगदी अदबीने: "नाव काय म्हणालात तुमचं?"

ओळख दाखवली नाही! माझ्या हातचं जेवलेला माणूस! आणि ओठांचा तो कोपरा वर.

ती खोलीच्या दारात उभी होती. आत बघितलं तर बेडकावर पांढऱ्या रंगाचा फराटा, कोंबड्याची शेपटीही त्यात गेलेली. म्हणजे ओळखलं होतं त्याने. चित्रही आणि हातही.

वार्निश द्यायचंय, वास लागेल, असं सांगून मी तिला बाहेर नेणार होते. गोडीने, एकटीला गाठून. ठरवलं होतं. पण तो म्हणाला, "बाई, बेडूक काही जमला नाही हं तुम्हाला. माणसाने आपल्याला जमतं तेवढंच करावं."

आणि माझा तोल गेला.

"मी खोटं बोलले त्या दिवशी," तिला म्हटलं. त्याच्या अंगावरून, त्याच्या समोर. "हात उचलायचा. लग्न झालं त्या वर्षापासून. तपासून घेऊ म्हटलं तेव्हा दाराच्या कडेवर डोकं आपटलं माझं. हे बघ." केस बाजूला करून दाखवलं. तिथे केस उगवत नाहीत.

तो हसला. "वेड्यांचं ऐकून घ्यायची वेळ आलीय."

मी तिला म्हटलं, "येतेस? आत्ता, आहेस तशी?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. त्याच्याकडेही नाही. हातातला तो चकणा मासा चुरगाळत होती. म्हणाली, "ताई, तुम्ही जा."

मी आले. तिला तिथे ठेवून आले! त्याला डिवचायचं ते डिवचलं आणि जिना उतरले. आम्ही दोघीच असताना सांगितलं असतं तर — पण नाही, मला त्याचं तोंड बघायचं होतं.

२८ नोव्हेंबर

फोन बंद.

२९ नोव्हेंबर

फोन बंद. त्यांच्या रस्त्यावरून दोनदा गेले. खिडकीला ते फुलाफुलांचे पडदे, ओढलेले. वर जाऊन बेल वाजवली. कोणी नाही. शेजारच्या बाईंनी दार किलकिलं केलं, माझ्याकडे बघितलं आणि लावून घेतलं.

आई दर तासाला विचारतेय, "लागला का?"

३० नोव्हेंबर

फोन आला. तिनेच केला. माहेरी पोचलीय, डॉक्टरांनी तपासलं, बाळ ठीक आहे.

मी रडतच म्हटलं, "इतकं सोसत होतीस, मग आधीच का नाही गं निघालीस?"

ती म्हणाली, "आधी? ताई, त्या दिवसापर्यंत त्यांनी मला बोटही लावलं नव्हतं. तुम्ही जिना उतरलात आणि त्यांनी पहिल्यांदा हात उचलला. तुम्ही सांगितलं नसतंत तर मला वाटलं असतं, रागाच्या भरात झालं, पुन्हा नाही व्हायचं."

नऊ वर्षं मला तेच वाटत होतं.